मित स्मृती

यंदा संक्रांतीनंतर अक्काकडे कोहिनूरला गेलो तेव्हा तुरीची रास नुकतीच उरकली होती. ओसरीत पोत्यांची थप्पी, अंगणात भुशाचा ढीग आणि घशात खवखवणारी ती ओळखीची धूळ. पायावर पाणी घेऊन टेकलो नाही तोच भाच्यानं मोबाइल पुढं केला.

"मामा, सव्वीसशे सहासष्ट घेऊ का बत्तीसशे? छत्तीसशेची पण हाय. दिवे लागतेत तिच्यात."

प्रश्न रॅमचा होता. भाचा सिव्हिलच्या डिप्लोमाला, शेवटच्या वर्षाला आहे. त्याला घरात डेस्कटॉप हवा होता. ऑटोकॅडवर घरांचे नकाशे काढायचा सराव करायचा आणि हात बसला की आजूबाजूच्या गावांतली बांधकामाची कामं घ्यायची, असा त्याचा बेत. दाजींनी तुरीच्या पैशातून पन्नास हजार बाजूला काढले होते. त्यावर एक रुपयाही नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं होतं आणि अक्कानं तिसऱ्यांदा.

मी लातूरला छापखान्यात अक्षरजुळणी करतो. पंचवीस वर्षं संगणकापुढं गेली, म्हणून नात्यातल्या कुणाच्याही घरी संगणक घ्यायचं निघालं की मला बोलावणं येतं. मी ते काम मनापासून करतो, कारण तो पैसा कुठून येतो हे मला दिसत असतं. तुरीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८००० रुपये. त्या भावानं धरलं तरी पन्नास हजार म्हणजे सव्वासहा क्विंटल, पन्नास किलोची साडेबारा पोती. ओसरीतल्या त्या थप्पीकडं बघून मी मनात साडेबारा पोती मोजली.

कोहिनूर हे नाव हिऱ्याचं, गाव मात्र काळ्या मातीचं. बसवकल्याण तालुक्यातली ही होबळी. कर्नाटकात महसुली मंडळाला होबळी म्हणतात. बीदर जिल्हा इथं संपत येतो आणि पलीकडं कलबुर्गी सुरू होतो. अक्काच्या घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं, तेव्हा बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडं गेले आणि हा भाग म्हैसूर राज्यात आला. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आमची सोयरीक आहे, म्हणून मी लातूरहून इथं पाहुणा म्हणून येतो आणि घरच्यासारखा राहतो.

भाच्याला मी लगेच उत्तर दिलं नाही. आधी विचारलं, "तू रोज काय करणार त्याच्यावर, ते सांग." त्यानं सांगितलं. मग विचारलं, "ग्राफिक्स कार्ड घेणार?" तो गप्प झाला. पन्नास हजारांत मॉनिटर, कॅबिनेट, सगळंच बसवायचं होतं. कार्डाला जागाच नव्हती. हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय रॅमच्या वेगाचं उत्तर देता येत नाही असं माझं ठाम मत आहे. लोक आकडा विचारतात. खरं विचारायला पाहिजे ते असं, की आपलं काम कुठं खोळंबतं?

हे मत मला फुकट मिळालेलं नाही. २०२१ साली मी स्वतःसाठी एक संगणक जोडून घेतला. एका संस्थेची अडीचशे पानांची स्मरणिका हातात होती. पानोपानी फोटो, जाहिराती, चौकटी. संगणक नवा, रॅमच्या डब्यावर ३२०० छापलेलं, आणि तरी शंभराव्या पानानंतर गाडी चिखलात रुतल्यासारखी. पान उघडायचं, मी पाणी पिऊन यायचो, तोवर अर्धं चित्र उमटलेलं असायचं. अकरा महिने मी हे सोसलं. एकदा रात्री टास्क मॅनेजर उघडून मेमरीच्या पानावर गेलो. तिथं उजवीकडं खाली वेग लिहिलेला असतो. २४०० होता.

पैसे ३२०० चे दिलेले आणि चाल २४०० ची. ज्यानं संगणक जोडून दिला त्यानं बायॉसमधली एक्सएमपी नावाची खूण चालूच केली नव्हती. ती चालू केल्याशिवाय रॅमच्या बऱ्याच स्टिक आपल्या छापील वेगानं पळत नाहीत. मदरबोर्ड त्यांना सुरक्षित, संथ चालीवर ठेवतो. मी ती खूण चालू केली, ३२०० आलं, आणि मोठ्या आशेनं स्मरणिका उघडली. फरक जवळजवळ काहीच नाही. मग त्याच पानावर आणखी दोन गोष्टी दिसल्या. आठ जीबीतले साडेसात वापरात होते, आणि दोन स्लॉटपैकी एकच भरलेला होता. दुसऱ्या दिवशी तशीच आठ जीबीची दुसरी स्टिक आणून बसवली. त्या दिवसापासून ती स्मरणिका कुठंही अडली नाही. खोळंबा वेगात नव्हता, जागेत होता. रॅम भरली की संगणक उरलेलं डिस्कवर ठेवतो आणि लागेल तेव्हा तिथून आणतो. डिस्क, अगदी एसएसडी असली तरी, रॅमच्या मानानं फार लांबचं गाव.

हे मी भाच्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "मग वेगाला काहीच अर्थ न्हाई का?"

अर्थ आहे. तो नीट समजून घ्यावा लागतो, म्हणून मी त्याला ओसरीतल्या थप्पीपाशीच घेऊन गेलो.

बाजार समितीच्या आवारात आडत्याची वखार असते. मुनीम हाक मारतो, "अमक्या शेतकऱ्याची तूर काढा." हमाल आधी ती कोठी उघडतो, मग त्या थप्पीपाशी पोचतो, वरचं पोतं मोकळं करतो. या सगळ्याला वेळ लागतो आणि तोवर एकही पोतं बाहेर आलेलं नसतं. एकदा पहिलं पोतं निघालं की मात्र मागची पोती पटापट येतात, हमालांची रांगच लागते. रॅममध्ये हेच घडतं. माहिती ओळी-रकान्यांत रचलेली असते. प्रोसेसर हाक मारतो, आधी ती ओळ उघडावी लागते, मग रकाना गाठावा लागतो, आणि नंतर माहिती एकामागून एक येते. डीडीआर४ या प्रकारच्या रॅममध्ये एका हाकेला आठ खेपा होतात, खेपेला आठ बाइट, म्हणजे ६४ बाइट. स्टिकवर जो आकडा मोठ्या अक्षरांत असतो, २६६६ किंवा ३२००, तो या खेपांचा वेग: सेकंदाला इतके दशलक्ष. त्यातलं घड्याळ निम्म्याच गतीचं असतं. ३२०० च्या स्टिकचं घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचं आणि प्रत्येक ठोक्याला दोन खेपा. डीडीआर या नावातला 'डबल' तो हाच.

ओळ उघडल्यावर रकान्याला हाक मारल्यापासून पहिलं पोतं हाती येईपर्यंतचा वेळ वेगळ्या आकड्यात लपलेला असतो. त्याला सीएल म्हणतात. तो घड्याळाच्या ठोक्यांत मोजतात, म्हणून दोन स्टिकचे सीएल सरळ शेजारी ठेवून भागत नाही. आधी त्याचा वेळ काढावा लागतो. सीएलला दोन हजारानं गुणायचं आणि स्टिकच्या वेगानं भागायचं, की उत्तर नॅनोसेकंदात मिळतं. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग.

दाजींच्या खिशात आडत्याची पट्टी होती, तुरीच्या वजनाची आणि हमाली-तोलाईची. तिच्या पाठीवर आम्ही मामा-भाच्यांनी हिशेब मांडला. २६६६ ची सीएल १९ असलेली स्टिक: १४.२५ नॅनोसेकंद. ३२०० ची सीएल २२: १३.७५. म्हणजे अर्ध्या नॅनोसेकंदाचा फरक. ३२०० ची सीएल १६: बरोबर १०. छत्तीसशेची सीएल १८, त्या दिव्यांच्या स्टिकची: तीही बरोबर १०. भाचा पट्टीकडं बघतच राहिला. मग मी त्याला जुन्या डीडीआरचं सांगितलं. माझ्या छापखान्यात वीस-बावीस वर्षांपूर्वी डीडीआर ४०० असायची, सीएल ३. गणित केलं तर १५ नॅनोसेकंद. या सगळ्या वर्षांत खेपांचा वेग आठपट झाला, पण पहिलं पोतं बाहेर यायला लागणारा वेळ साध्या स्टिकमध्ये अजून तिथंच घुटमळतोय. डीडीआर५ ची सुरुवात ४८०० आणि सीएल ४० नं झाली तेव्हा हा वेळ १६.६७ वर गेला होता.

आणि खेपांना किती वेळ लागतो? ३२०० वर आठ खेपा अडीच नॅनोसेकंदांत होतात, २६६६ वर तीन. वाट बघण्यात किमान तेरा-चौदा, वाहून आणण्यात अडीच-तीन. कंपन्या डब्यावर जो आकडा ठळक छापतात तो या अडीच-तीनवाल्या भागाचा आहे. हे कळल्यावर माणूस रॅमच्या जाहिरातीकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागतो. पत्र लिहिणं, पावत्या काढणं, पुस्तकाची जुळणी, ऑनलाइन अर्ज भरणं यांत बहुतेक वेळा एक-दोन पोतीच लागतात. तिथं २६६६ आणि ३२०० मधला फरक हाताला लागत नाही.

पण भाच्याचं प्रकरण निराळं होतं, आणि इथंच वेगाला अर्थ येतो. त्याच्या संगणकात ग्राफिक्स कार्ड नसणार. प्रोसेसरच्या पोटातच चित्र काढणारा भाग असणार. आम्ही एएमडीचा रायझन ५ ५६००जी धरला होता, त्यात तसा भाग आहे. कार्डाला स्वतःची वेगळी मेमरी असते. या भागाला ती नसते, तो रॅममधूनच वाटा घेतो. पडद्यावरचं चित्र, नकाशाच्या हजारो रेषा, इमारतीचं फिरवून बघायचं त्रिमित रूप, हे सगळं त्याच रॅममधून सेकंदाला कितीतरी वेळा वाहून न्यावं लागतं. इथं पोती एक-दोन लागत नाहीत, सगळी वखारच हलवायची असते. अशा ठिकाणी हमालांचा वेग आणि त्याहून जास्त हमालांच्या रांगा मोलाच्या.

रांगा म्हणजे चॅनेल. त्या प्रोसेसरला रॅमकडं जायचे दोन रस्ते आहेत. एकच स्टिक लावली तर एक रस्ता रिकामा. ३२०० ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी वाहू शकते. २६६६ च्या दोन लावल्या तर ४२.७. ३२०० च्या दोन लावल्या तर ५१.२. म्हणजे दोन संथ स्टिक एका वेगवान स्टिकला सहज मागं टाकतात. ज्याच्याकडं कार्ड नाही त्यानं पैसे कमी असतील तर वेग उतरवावा, पण स्टिक दोन घ्याव्यात. हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन.

भाच्याकडं याला एक चांगलं उत्तर होतं. "मामा, बोर्डात दोनच स्लॉट हैत. आता आठ-आठ भरल्या तर पुढं वाढवायचं कसं? त्यापरीस सोळाची एक घेऊ, पुढल्या तुरीला अजून एक." शेतकऱ्याच्या पोराचा विचार आहे हा, आणि तो चुकीचा नाही. ज्याच्याकडं ग्राफिक्स कार्ड आहे त्याला मी हाच सल्ला दिला असता. पण पुढच्या तुरीपर्यंत पूर्ण एक वर्ष त्याचा संगणक एकाच रस्त्यानं चालणार, आणि ते वर्ष त्याच्या शिकण्याचं. शिवाय पुढल्या वर्षी रॅम काय भावानं मिळेल याचा भरवसा राहिलेला नाही.

भावाचं सांगायला हवं. दीड वर्षापूर्वी आठ-आठची जोडी मी तीन-साडेतीन हजारांत घेतली होती, तुरीच्या एका पोत्याहून कमी. २०२५ च्या दिवाळीच्या सुमाराला भाव चढायला लागले ते चढतच गेले, आणि आम्ही घ्यायला निघालो तोवर तीच जोडी दोन पोत्यांच्या वर गेली होती. जगातली बहुतेक डीरॅम, म्हणजे रॅमच्या चिप, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांकडून मेमरीला चढा भाव मिळतो, तेव्हा कारखान्यांचा ओढा तिकडं. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं आपला क्रुशिअल हा घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. माझ्या छापखान्यातल्या निम्म्या संगणकांत क्रुशिअलच्याच स्टिक आहेत. अमेरिकेत कुणीतरी सर्व्हरच्या रांगा उभ्या करतो आणि कोहिनूरच्या ओसरीतलं एक पोतं जास्तीचं उचललं जातं. मला याचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. सिकंदराबादला चिनॉय ट्रेड सेंटर आहे, सगळे त्याला सीटीसी म्हणतात. संगणकाचं सुटं सामान घ्यायला या भागातली माणसं तिकडंच वळतात. कोहिनूरहून बसवकल्याणला आलो आणि पुढची गाडी उशिरा होती म्हणून किल्ल्याकडं चालत गेलो.

हे कल्याण. अकराव्या शतकात चालुक्यांनी राजधानी इथं आणली. बाराव्या शतकात बसवेश्वरांचा अनुभव मंटप इथलाच. पण त्या सकाळी माझ्या डोक्यात विज्ञानेश्वर होता. सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यात, म्हणजे १०७६ ते ११२६ या काळात, त्यानं याच नगरात याज्ञवल्क्य स्मृतीवर टीका लिहिली. तिचं नाव मिताक्षरा. वारसा आणि वाटणीचा तिचा नियम बंगाल-आसाम सोडून जवळजवळ साऱ्या हिंदुस्थानात चालला. १९५६ चा हिंदू वारसा कायदा येईपर्यंत न्यायालयात तिचा हवाला दिला जायचा, आणि एकत्र कुटुंबाच्या प्रश्नात त्यानंतरही दिला गेला. बापाच्या जमिनीत पोराचा हक्क जन्मापासून, ही गोष्ट दाजींसारख्या माणसाला पाठ असते, ती कुणी लिहिली ते माहीत नसलं तरी.

मी अक्षरं जुळवणारा माणूस, म्हणून मला त्या नावाचं फार अप्रूप आहे. मित म्हणजे मोजलेलं, मापातलं. मिताक्षरा म्हणजे मोजक्या अक्षरांत सांगणारी. आणि ती कशावरची टीका, तर स्मृतीवरची. किल्ल्याच्या दगडी कमानीखाली उभं राहून मी भाच्याला म्हटलं, आपण आज जे घ्यायला चाललोय तेही तेच आहे, मापातली स्मृती. मोठ्या आकड्याची हौस भागवायला साडेबारा पोती विकलेली नाहीत. कामाला जेवढी लागते तेवढी मोजून घ्यायची. तो हसला नाही. त्यानं विचारलं, "म्हंजे सोळा पुरतील?" मी म्हटलं, ऑटोकॅडला किमान आठ लागतात. त्यातच विंडोज, ब्राउझर आणि चित्राचा वाटा यायचा, तेव्हा आठात गुदमरशील. सोळात तुझं डिप्लोमाचं काम निभेल. बत्तीस असते तर बरं, पण ते आपल्या मापात नाहीत.

बसमध्ये त्याला झोप लागली. मी खिडकीतून बघत या स्मृतीचा विचार करत राहिलो. आज आपण जी रॅम वापरतो तिची कल्पना १९६६ साली आयबीएममध्ये रॉबर्ट डेनार्ड यांना सुचली. पेटंट १९६८ चं. एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर, एवढ्यावर एक बिट. कपॅसिटरात विजेचा थोडासा भार साठवायचा: असला तर एक, नसला तर शून्य. अडचण अशी, की तो साठा गळतो. फुटक्या रांजणासारखा. म्हणून प्रत्येक ओळ सतत वाचून पुन्हा भरावी लागते. नेहमीच्या तापमानाला ६४ मिलिसेकंदांत सगळ्या ओळी एकदा भरून झाल्याच पाहिजेत, म्हणजे सेकंदात पंधरा-सोळा वेळा. रॅम ८५ अंशांच्या वर तापली तर त्याच्या दुप्पट. आपण नुसते पडद्याकडं बघत बसलेलो असतो तेव्हाही हे चालू असतं. डेनार्ड २०२४ मध्ये गेले.

मला त्यावरून दाजींच्या जमिनीचा उतारा आठवला. निजामाच्या राज्यात महसुलाचा कारभार उर्दूत. त्यांच्या आज्ज्यानं जपलेला एक जुना कागद अजून पत्र्याच्या पेटीत आहे. तो घरात कुणालाही वाचता येत नाही. मग हातानं लिहिलेली पहाणी, म्हणजे इकडचा उतारा, आली. २००० सालानंतर भूमी योजनेत कर्नाटकातल्या १७७ तालुक्यांतले सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर चढले आणि बसवकल्याणला खिडकीवर छापील पहाणी मिळायला लागली, कन्नडमध्ये. शेत तेच, बांध तोच, अक्षरं दोनदा बदलली. जो कागद पुन्हा लिहिला गेला तो आज कामाला येतो. पेटीतला कागद आहे तसा आहे, पण तो आता फक्त हातात धरायचा.

सीटीसीत गर्दी होती. दुकानदार मोकळा माणूस होता. त्यानं तिन्ही प्रकार काउंटरवर मांडले आणि म्हणाला, "छत्तीस सौ लेलो भाई, आगे का सोचो." साधी बत्तीसशे आणि सव्वीसशे यांच्यात पाचशेचा फरक, आणि छत्तीसशेच्या जोडीला आणखी दीड हजार. मी साधी बत्तीसशेची स्टिक उचलून तिचं लेबल भाच्याला दाखवलं. हिरवी पाटी, त्यावर आठ काळ्या चिप, उघड्या, धातूचं कवच नाही. लेबलावर बारीक अक्षरांत: ८ जीबी, १आरएक्स८, पीसी४-३२००एए. यातलं शेवटचं 'एए' महत्त्वाचं. ही स्टिक ३२०० ला, सीएल २२ वर, १.२ व्होल्टात आपोआप चालते. एक्सएमपीची खूण लागत नाही.

छत्तीसशेची, किंवा ३२०० चीच पण सीएल १६ वाली, कागदावर सरस होती हे मी आधीच कबूल केलं. वाट बघण्याचा वेळ दहावर येतो, खरं आहे. पण तिला १.३५ व्होल्ट आणि एक्सएमपी लागतं. कोहिनूरमध्ये तीन-चार वर्षांनी मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपेल, बायॉस सगळं विसरेल, आणि ती महागडी जोडी चुपचाप २४०० किंवा २६६६ वर जाऊन बसेल. माझ्याच टेबलावर अकरा महिने ते घडलं होतं. भाचा तेव्हा नोकरीसाठी दुसऱ्या गावी असला तर घरात कुणाला कळणार? 'एए' लेबलाची साधी स्टिक सेल गेल्यावरही ३२०० वरच उठते. जिथं दुरुस्तीवाला हाकेच्या अंतरावर नाही तिथं मी हा गुण चार नॅनोसेकंदांहून मोठा मानतो. जे शहरात राहतात, ज्यांना बायॉस उघडायची सवय आहे, त्यांनी सीएल १६ जरूर घ्यावी.

सव्वीसशेची मी का सोडली, हेही सांगतो. ग्राफिक्स कार्ड असतं तर तीच घेतली असती आणि पाचशे रुपये वाचवले असते. पण चित्राचं सगळं ओझं रॅमवर पडणार होतं. तिथं ४२.७ आणि ५१.२ मधली वीस टक्के वाढ पाचशेत मिळत असेल तर ती घ्यावी. बत्तीसशेपासून छत्तीसशेपर्यंत जायला मात्र साडेबारा टक्क्यांसाठी दीड हजार मोजायचे. ते आम्ही मोजले नाहीत.

त्या दीड हजारात आणखी पैसे घालून यूपीएस घेतला. कोहिनूरला वीज जाते आणि परत येते तेव्हा कधी कधी दणक्यात येते. नकाशा काढता काढता दिवा गेला तर रॅमचा वेग कितीही असो, तिच्यातलं सगळं पुसलं जातं. त्या स्मृतीला विजेशिवाय एक क्षण निभत नाही. दाजींना हा खर्च एका वाक्यात पटला. इंजिन घेतल्यावर ते झाकायला पत्रा लागतोच, असं म्हणाले.

कोहिनूरला परतल्यावर संध्याकाळी ओसरीतच सतरंजी टाकून जोडणी केली. धूळ नको म्हणून अक्कानं आधी जमीन ओल्या फडक्यानं पुसली आणि थप्पीवर ताडपत्री ओढली. स्टिक भाच्यानंच बसवल्या. स्लॉटमधला उंचवटा आणि स्टिकची खाच जुळवायची, दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब द्यायचा. पहिल्या वेळेला तो घाबरला, दाब कमी पडला, एकच कडी लागली. मी हात लावला नाही. दुसऱ्यांदा त्यानं श्वास रोखून दाबलं आणि दोन्ही बाजूंनी खट् असा आवाज आला. दुसऱ्या स्लॉटचाही आला. दाजी पलीकडं तुरीची पट्टी हातात घेऊन उभे होते. तिच्या पाठीवर आमचे नॅनोसेकंद आणि पुढच्या बाजूला त्यांचं वजन.

विंडोज चढवायला रात्र झाली. मग भाच्यानं टास्क मॅनेजर उघडला. वेग: ३२००. स्लॉट वापरात: २ पैकी २. त्यानं ऑटोकॅडची विद्यार्थ्यांना मिळणारी फुकट प्रत आधीच मागवून ठेवली होती. पहिला नकाशा त्यानं काढला तो याच घराचा, ओसरीपासून.

तुम्ही नवी रॅम घ्यायला निघाला असाल तर बाजारात जाण्याआधी घरातल्या चालू संगणकावर एकदा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. मेमरीच्या पानावर जा. नेहमीचं काम चालू असताना किती जीबी भरली आहे, किती स्लॉट भरले आहेत आणि वेग किती लिहिला आहे, हे तीन आकडे कागदावर उतरवून घ्या, आणि दुकानदारानं काही सांगायच्या आधी तो कागद त्याच्यापुढं ठेवा.